ऑरेलियाची उसवलेली शिवण

त्या दिवशी असा पाऊस लागला होता, असा पाऊस, की कुनेओच्या कमानींखाली ट्राउट मासे पोहत होते आणि आमचे पाद्रीबाबा छत्री उलटी धरून तिच्यात बसून चर्चला गेले. खोटं वाटतंय, पोरींनो? वाटू दे. मी मात्र दोऱ्याची रिळं कोटाआड धरून धावत होते. डॉक्टर बोस्सोलांनी मला घरी सोडायचं कबूल केलं होतं. समोर राखाडी गाडी दिसली. उजवं दार उघडलं, धप्पकन बसले आणि स्टिअरिंगचं चाक पोटात रुतलं!

आता सांगा, आमच्या सगळ्या इटलीत गाड्यांचं चाक डावीकडे. हे उजवीकडे कुठून उपटलं?

डावीकडे एक तरणाताठा मुलगा भाजलेले चेस्टनट सोलत बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग चाकाकडे.

"चालवता का? मला निवांत खाता येईल."

"ही... डॉक्टरांची गाडी नाही?"

"नाही. पण तुमचं काही दुखत असेल तर सांगा, बघतो."

"दुखत नाहीये, खालून टोचतंय!"

"बाईसाहेबांच्या कुत्र्याचा पराक्रम. सीट फाडून ठेवलीय. शिवणारं कुणी भेटतंय का बघतोय."

"चाक असं उलट्या बाजूला का?"

"घाटात दरी किती जवळ आहे ते दिसावं म्हणून. जुने घाटातले चालक असंच मागतात."

"आणि दरी दिसली की?"

"देव आठवतो." सोललेला चेस्टनट त्याने माझ्यासमोर धरला. "आता दरी नाही... तरी आठवतोय."

त्याचं नाव एवासिओ. मी एर्सिलिया. चेस्टनट गरम होता, एवढंच मला त्या क्षणाचं नीट आठवतं.

सीट शिवायचं दुकान माझ्या मामाचं, चेलेस्तीनो मामाचं. मामा सोफे शिवायचा, मी गाड्या. माझी बोटं बारीक ना! आणि गाडी तरी कशी... लान्चा ऑरेलिया. तिच्या छपरावर थेंब पडला की शेपटापर्यंत कुठे न अडता घसरत जायचा, इतकी तिची पाठ गुळगुळीत. आत करड्या लोकरीचं कापड. एवासिओच्या बाईसाहेबांची, काउंटेस इप्पोलितांची ती गाडी. नवऱ्याला पुरून आल्या आणि काळे हातमोजे काढायच्या आधी त्याचे शिकारीचे घोडे विकून त्यांनी ही आणली. म्हणाल्या, "जन्मभर त्यांनी मला एका जागी बसवलं. आता ते बसतील एका जागी, मी फिरते."

थंडी पडली की ऑरेलिया बोगद्यातून डोंगरापलीकडे सानरेमोला जायची, समुद्राकाठी. ईस्टरला परत. चाकामागे एवासिओ.

पण त्या वर्षापासून काय झालं कोण जाणे, गाडी भर हिवाळ्यातही मधूनमधून कुनेओला यायला लागली. कधी बाईसाहेबांची टोपी न्यायची असायची, कधी वाईन. आणि दर वेळी सीटची शिवण उसवलेली.

"पुन्हा?" मी विचारायची.

"काय करणार? घाट... वळणं..." तो टोपी हातात फिरवत म्हणायचा.

पोरींनो, दोरा झिजून तुटला की त्याच्या टोकाला लव सुटते. ह्याच्या दोऱ्याची टोकं अशी साफ, जशी आत्ताच नखं कापलीत! मी बोटाने टोक चाचपायची, त्याच्याकडे बघायची. तो छताकडे बघायचा.

"फार तीक्ष्ण वळणं आहेत हो तुमच्या घाटात."

"हो... खिशात मावतील एवढी तीक्ष्ण."

मामा सोफ्याआडून खोकायचा. "एवासिओ, माझ्या सोफ्यांनाही घाटातून एकदा फिरवून आण बाबा. धंदा वाढेल."

तो गेला की मी शिवलेलं पुन्हा आठवत बसायची. त्या सीटला त्याच्या पाठीचा खळगा पडला होता. शिवताना त्याच्यात हात बुडायचा... कापडाला तंबाखूचा, साबणाचा आणि समुद्राचा वास. एकदा फेब्रुवारीत, बाहेर बर्फाचे ढीग असताना, त्याने समुद्राकाठून मिमोसाच्या पिवळ्या फुलांची डहाळी आणली. मी ती कात्रीच्या डब्यात ठेवली. दुकानात कुणी आलं की डबा बंद, कुणी नसलं की उघडा. दिवसभर माझं तेच चालायचं. आणि कान रस्त्याला. त्या गाडीचा आवाज मला चर्चच्या घंटेतूनही ओळखू यायचा. मांजर पाय ताणून घुरघुरतं ना, तसा.

आजही ती गाडी जशीच्या तशी आहे. जुन्या गाड्यांच्या मेळ्यात टाय लावलेले पुरुष भिंग घेऊन तिच्याभोवती फिरतात. चालकाच्याच सीटला राखाडी दोऱ्याच्या इतक्या तऱ्हा का, म्हणून डोकं खाजवतात. खाजवू देत.

पण तो बोलायचा नाही काही! आमची डोंगराखालची माणसं अशीच. घराला आग लागली तरी आधी शेजाऱ्याची परवानगी घेऊन ओरडतील. आणि मुलीने आधी बोलायचं? छे! मग मीही गप्प.

पुढच्या हिवाळ्यात तो आला तो वेगळाच. टोपी डोक्यावरच.

"बाईसाहेब आता सानरेमोलाच राहायचं म्हणतात. कायमच्या. इथलं घर बंद."

"आणि गाडी?"

"तिकडेच."

"आणि... चालक?"

"चालक गाडीबरोबर असतो."

मी वाट पाहिली. सुईत दोरा ओवला, काढला, पुन्हा ओवला. तो छताकडे बघत राहिला. तेव्हा मला असा राग आला, की मी मामाचा खोगिराचा मेणदोरा काढला, दुहेरी केला आणि सीट अशी शिवली, की बैल जुंपले तरी उसवू नये.

"झालं. आता नाही उसवणार."

"कधीच?"

"कधीच."

तो दारापर्यंत गेला. उंबऱ्यावर थांबला... आणि गेला.

त्यानंतरचे दिवस सांगत नाही. सूप आळणी, मिमोसाची भुकटी झालेली, आणि कान वेडे, पिठाच्या गिरणीचा पट्टा घुरघुरला तरी दाराकडे धावायचे. मामाने थट्टा बंद केली. तेच जास्त लागलं.

आणि एका दुपारी, बोगद्याकडच्या रस्त्यावर पांढरंशुभ्र धुकं असताना, खराच तो आवाज आला. पण असा, की मांजराची शेपटी कुणी दारात चेंगरलीय. ऑरेलिया उड्या मारत आली आणि कमानीच्या खांबाला मुका देता देता थांबली.

चाकामागून उतरल्या काउंटेस इप्पोलिता! डोळ्यांवर चष्मा, डोक्याला रुमाल, काखेत कुत्रा. पलीकडून एवासिओ उतरला. उजव्या हाताला ही भली मोठी पट्टी.

"तूच ना ती शिवणारी?" बाईसाहेब गरजल्या. "काय दोरा वापरलास गं बये? चाकू सटकला आणि ह्या गाढवाने स्वतःचा तळवा कापून घेतला. सगळा घाट मी चालवलाय, मधे फ्रान्सचा तुकडा लागतो तिथल्या दोन्ही सीमाचौक्यांवरच्या पहारेकऱ्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली!"

"बाईसाहेब..." एवासिओ कानापर्यंत लाल.

"गप. मला काय दिसत नव्हतं? माझी सीट मुकाट्याने फाडू दिली, म्हटलं आज बोलेल, उद्या बोलेल. बोल आता! नाहीतर चालत जा सानरेमोला."

सगळी गल्ली दारात. मामा हातोडी घेऊन उभा. तो माझ्यासमोर आला, पट्टीचा हात छातीशी धरून.

"एर्सिलिया... शिवण उसवली की तुझ्याकडे यायला मिळायचं. दुसरं कारण मला सुचलंच नाही गं."

"सुचलं नाही? इतका घाट उतरताना?"

"सुचलं होतं. बोलायचा धीर नव्हता. माझी होशील? मग कारण लागणार नाही."

मी त्याचा पट्टीचा हात धरला आणि सुटलेलं टोक नीट खोचून दिलं. कितीतरी वेळ खोचतच राहिले.

"ईस्टरला सोडते ह्याला," बाईसाहेब म्हणाल्या, "दुसरा चालक मिळू दे. बस रे!"

गाडी उड्या मारत निघाली. मागच्या काचेत त्याचा चेहरा... मग नुसती पट्टी पांढरी, मग धुकंच पांढरं.

दुसऱ्या दिवशी मी दुकानातली खुर्ची उचलली आणि भर थंडीत कमानीखाली, बोगद्याच्या रस्त्याकडे तोंड करून टाकली.

बेकरीवाल्या तेरेसिओ काकांची बायको थांबली. "अगं, गोठशील! ईस्टर कुठं, आज कुठं. कुणाची वाट बघतेस?"

"माझ्या माणसाची," मी म्हटलं. चांगलं मोठ्याने, पलीकडच्या कमानीपर्यंत ऐकू जाईल असं.