टॉयवोच्या तळघरातला ड्रायर

मागच्या वर्षी थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी, बुधवारी संध्याकाळी, आमचा लेरॉय शेवटच्या कामाला निघाला. लेरॉयला तुम्ही ओळखता. घरोघरची वॉशिंग मशीन दुरुस्त करतो. थापा मारणं त्याला जमत नाही. त्याने मला सांगितलं, तसंच सांगतो.

काम एल्मा कंगसबाईंकडचं. कपडे वाळवायचा ड्रायर फिरायचा, पण तापायचा नाही. बाईंचा नवरा टॉयवो त्याच वर्षी वारलेला. तो होता तोवर घरात एकाही मेकॅनिकने पाऊल टाकलं नव्हतं.

"सगळं स्वतः उघडायचा," बाई म्हणाल्या. "आणि माझ्यावर चिडला की मुद्दाम बिघडवून ठेवायचा. भर जानेवारीत मी ओल्या चादरी घेऊन बसायचे. उद्या लेक येतेय, तान्हं घेऊन. दुपटी वाळायला हवीत. कर बाबा लवकर."

लेरॉय तळघरात उतरला. प्लग काढला, ड्रायरचा मागचा पत्रा उघडला. आतली वायर कापलेली होती. पक्कडीने, सरळ.

त्याने नवी जोडली. पत्रा बसवून स्क्रू पिळायला घेतले. चौथा पिळला, तर पहिला निम्मा बाहेर. तो पिळला, तर दुसरा बाहेर.

"च्यायला, काय हे!"

मग हात थांबवून तो नुसता बघत राहिला.

स्क्रू फिरत होता. सावकाश. उलटा.

टप्... खाली पडला.

मानेमागे कुणीतरी श्वास सोडला. ओल्या तंबाखूचा वास.

लेरॉय वळला नाही.

ड्रायर फिरू लागला. प्लग लेरॉयच्या पायाशी पडलेला...

"बाई..." त्याने हाक मारली.

जिन्यात बाई उभ्या होत्या. लेरॉयकडे नाही, त्याच्या मागे बघत होत्या. तशाच खाली उतरल्या.

"टॉयवो, हो बाजूला! जन्मभर ऐकलं तुझं. घर माझंय. ह्याला मी बोलावलंय."

...

ड्रायर थांबला.

"लाव रे ते स्क्रू," बाई म्हणाल्या.

या वेळी स्क्रू जागेवर राहिले. प्लग लावला, तर गरम हवा आली. बाई तिथेच फरशीवर बसल्या आणि ढसाढसा रडल्या.

"आजची रात्र लेकीकडे जाता का? मी सोडतो," लेरॉय म्हणाला.

"मी कशाला जाऊ? आता नाही तो इथे."

खरंच नव्हता. त्या घरात बाई आजही सुखाने राहतात.

लेरॉय गाडीत बसला. निघाल्या निघाल्या टुंग टुंग सुरू झालं. शेजारी बसलेल्याने पट्टा लावला नाही की वाजतं ना, ते.

सीट रिकामी होती.

त्याने समोर बघत गाडी हाकली. टुंग... टुंग... टुंग...

पुलाजवळ ते थांबलं. एकदम.

घरी पोचल्यावर त्याने गाडीतला दिवा लावला.

शेजारचा पट्टा लावलेला होता.