बारा टाक्या, तेरा ओळी

साबणाच्या कारखान्यात भूत म्हटलं तर कुणाचा विश्वास बसणार? एवढी स्वच्छ जागा! दिवसभर नाकात लिंबाचा वास, आणि भीती वाटलीच तर फरशीवरून घसरून पडायची. वेळही दुपारी तीनची, बाहेर लख्ख ऊन. तरी झालं ते झालं, आणि जिच्या बाबतीत झालं ती बाई काही पालीला घाबरणारी नव्हती.

कारखान्यात तिला सगळे वायरलेसबाई म्हणायचे. टाक्यांच्या खोलीत वर्षानुवर्षं लोंबणाऱ्या तारा काढून टाकायच्या आणि बाराही टाक्यांवर मुठीएवढी एकेक डबी बसवायची, हे तिचं काम. डबी टाकीचं तापमान आणि हादरे मोजायची आणि हवेतूनच कंट्रोल रूमला कळवायची. टाकीतलं ढवळायचं पातं सुरू करायचं तेही आता तिथूनच, पडद्यावर बोट टेकवून. टाक्यांशेजारच्या जुन्या बटणांच्या पेट्या त्या दिवशी सकाळीच तिने बाद केल्या होत्या. पेट्या भिंतीवर तशाच, पण नुसत्या नावाला. चार वाजता मालक चाचणी बघायला येणार होते आणि बाई भलतीच खुशीत होती. नवरा त्याच कारखान्यात फिटर, चार महिन्यांपूर्वीच लागलेला. जेवताना तिने त्याला ऐकवलं होतं, की आजपासून तुमचे पाने-हातोडे विसरा, सगळं माझ्या एका बोटावर. त्यावर त्याने, घरी तरी वेगळं काय आहे, असं म्हणून तिच्या डब्यातला शेवटचा घास उचलला होता.

तर तीनच्या सुमाराला तिने पडदा उघडला. बारा टाक्यांच्या बारा ओळी दिसायला हव्या होत्या. दिसल्या तेरा.

टाक्या रिकाम्या होत्या, त्यामुळे बारा ओळींवर तापमान एकोणतीस-तीस. तेराव्या ओळीला ना नाव ना नंबर. तापमान सदतीस, हादरे शून्य. एखादी डबी चुकून दोनदा नोंदवली असेल, म्हणून तिने ती ओळ पुसली. ती परत आली. पुन्हा पुसली, पुन्हा हजर. शेजारी बसलेले ऑपरेटर दादा, वीस वर्षांची नोकरी आणि कारखान्यातलं सगळ्यात मोठं पोट, त्यांना हसू आवरेना. ही सदतीसवाली कुणाची, डबी काखेत धरून बसलंय का कुणी, असं ते विचारायला लागले. बाईही हसली. वेळ नव्हता, ओळ राहू दे म्हणाली, आणि चाचणीला लागली.

एक नंबरचं पातं फिरलं. दोन नंबरचं फिरलं. तीन नंबरवर ती बोट टेकवणार, एवढ्यात तेराव्या ओळीवरचे हादरे उसळले. एक, दोन, तीन. मग शांत.

कुठेतरी ट्रक गेला असेल, असं ती पुटपुटली आणि पुन्हा बोट पुढे केलं. पुन्हा तेच. एक, दोन, तीन. तेवढ्याच अंतराने, अगदी सावकाश…

दादांचं हसू मावळलं होतं.

"बाई, बोट काढ," ते हळूच म्हणाले. "हे मास्तरांचं ठोकणं आहे."

मास्तर म्हणजे टाक्यांवरचा जुना माणूस. पातं सुरू करायच्या आधी टाकीच्या झाकणावर तीनदा ठोकायचं आणि दहा आकडे मोजेपर्यंत थांबायचं, ही त्यांनीच घालून दिलेली पद्धत. आत कुणी असेल तर त्याने आतून तीनदा ठोकायचं. कारखान्यात नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवत. मास्तर मागच्या वर्षी गेले. आणि आता पातं कंट्रोल रूममधून सुरू होणार, तर टाकीपाशी जाऊन ठोकणार कोण? बाईच्या हे डोक्यातच आलं नव्हतं.

खोलीत नुसता पंख्याचा आवाज. दादा ओठांतल्या ओठांत आकडे मोजत होते. सात… आठ… आणि तीन नंबरच्या ओळीवर, त्या रिकाम्या टाकीच्या ओळीवर, हादरे उमटले.

एक, दोन, तीन.

बाई धावत सुटली. दोन जिने, लांबलचक बोळ, मग टाक्यांची खोली. तिथे चिटपाखरू नव्हतं. तीन नंबरचं झाकण उघडं होतं, आणि शेजारच्या पेटीवर, सकाळी तिने स्वतः बाद केलेल्या पेटीवर, 'माणूस आत आहे' ही पाटी नीट लटकवलेली होती. पेटी बाद झाली, तिचं बटण बंद ठेवलं तरी पातं आता वरून फिरू शकतं, हे तिने सगळ्यांना सांगितलं होतं. फिटर सकाळी वर्कशॉपमध्ये होता, त्याला सांगायचं राहिलं होतं. जेवताना फुशारक्या मारल्या, तेवढं मात्र सांगितलं नाही.

झाकणातून आधी पाना वर आला, मग नवऱ्याचं हसरं डोकं.

"अगं, पात्याचा बोल्ट ढिला होता, घट्ट करत होतो. आणि ठोकलंस तेव्हा दिलं की लगेच उत्तर. एवढी कसली घाई?"

तिने त्याला बाहेर ओढलं आणि मागोमाग धावत आलेल्या सगळ्यांदेखत त्याच्या खांद्यावर डोकं टेकवून हमसून हमसून रडली. तो बिचारा गोंधळून तिची पाठ थोपटत राहिला, ग्रीसने माखलेल्या हाताने.

मालक आले तेव्हा तिने चूक स्वतःच सांगितली. टाकीपाशी उभ्या माणसाने ठोकून, थांबून, हातातलं बटण दाबल्याशिवाय वरून पातं सुरूच होणार नाही, अशी सोय करते म्हणाली. मालकांनी मान डोलावली आणि तिने तासाभरात ते जुळवलंही. तीन नंबरचं झाकण लावायच्या आधी मोबाईलच्या उजेडात तिने आत कोपरा न् कोपरा पाहिला. नुसता चकचकीत पत्रा. मग आपल्या हाताने बोल्ट आवळले. ठोकलं, दहा मोजले, उत्तर नाही. पातं तासभर सुरेख फिरलं. पडद्यावर तेरावी ओळ तशीच होती, सदतीस. या वेळी तिने ती पुसली नाही. दादांनी लांबूनच ओळीला हात जोडले, आणि मग दोघांना एकदमच हसू आलं.

घरी जाताना स्कूटर नवरा चालवत होता. वाराही छान सुटला होता. तिने मागून त्याला गच्च धरलं होतं, इतकं की लोक बघतायत, असं तो दोनदा म्हणाला.

"बाकी माणूस चांगला धाडलास हं मदतीला," तो मध्येच म्हणाला.

"कोण माणूस?"

"तो म्हातारा गं. टाकीत सगळा वेळ माझ्यासाठी टॉर्च धरून उभा होता. बोलला फारसं नाही. तू ठोकल्यावर म्हणाला, तू हो पुढे, मी आवरून येतो." सिग्नल लागला, त्याने स्कूटर थांबवली. "आला ना तो बाहेर?"

तिच्या हातांची पकड सैल झाली.

"आला," ती म्हणाली.

"मग बरं झालं. माझी टॉर्च त्याच्याकडेच राहिलीय. सकाळी घरी आणून देतो म्हणालाय."