शेवटचा चौकोन

महेश्वरीनं पिशवीतून हार्डडिस्क काढून काउंटरवर ठेवली आणि विरेशनं ती लगेच ओळखली. वरच्या चिकटपट्टीवर त्याचंच अक्षर होतं. पंचवीस वर्षांपूर्वी दुकान नवं होतं, तेव्हा पहिलं मोठं गिऱ्हाईक मिळालं ते शिवलिंगप्पा, चादरींची डिझाईनं काढणारे. त्यांचा कॉम्प्युटर विरेशनंच जोडून दिला होता.

"विरेशअण्णा, अप्पांचं मशीन जळालं," महेश्वरी म्हणाली. "पण ह्याच्यात माझ्यासाठी एक चादर हाय म्हणे. अव्वा सांगत होती."

शिवलिंगप्पा तीन महिन्यांपूर्वी गेले. लेकीनं आपल्या पसंतीनं लग्न केलं, म्हणून बारा वर्षं ते तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते. शेवटचे सहा महिने मात्र रोज दुपारी एकच डिझाईन काढत बसायचे. कुणासाठी, म्हणून बायकोनं, महेश्वरीच्या अव्वानं, विचारलं तर "पोरीसाठी" एवढंच म्हणाले. त्या एका शब्दावर महेश्वरी अक्कलकोटहून पहिली बस धरून आली होती. बाप रागातच गेला की काय, एवढंच तिला बघायचं होतं.

"बघू की," विरेश म्हणाला. "आठ दिवस दे मला."

आता काम म्हणाल तर कटकटीचं. अप्पांचा डिझाईनचा प्रोग्राम चालायचा फक्त अठ्ठ्याण्णव सालच्या विंडोजवर, आणि ही विंडोज म्हणजे जुन्या वळणाची सासू, नव्या मशीनमध्ये तिला करमतच नाही. मेमरी जास्त झाली की गोंधळते, नवं ग्राफिक्स कार्ड तर ओळखतच नाही. मग सगळं तिच्या मानपानाप्रमाणे जमवायचं. पेंटियम थ्रीचा बोर्ड, मेमरी एकशे अठ्ठावीस एमबी, डिस्कला रुंद पट्टीची केबल, आणि मागं प्रिंटरचं लांबडं तोंड हवंच, कारण प्रोग्रामचं कुलूप, ज्याच्याशिवाय तो उघडतच नाही ती डोंगल, तिथंच बसते. विरेश भंगारवाल्यांच्या ढिगात उन्हातान्हाचा हिंडला. पहिल्या बोर्डाचे कपॅसिटर फुगलेले, दुसरा नुसताच मेलेला. तिसरा लागला. खरं सांगायचं तर त्याला लई मजा येत होती. माळ्यावरून धुळीचा डबा मॉनिटर उतरवला, जुनी सीडी शोधली, आणि वीस वर्षांनी विंडोज सुरू व्हायचा तो सूर दुकानात वाजला तेव्हा गड्याचे डोळे भरून आले.

माऊससुद्धा त्यानं गोळीचाच निवडला, खोक्यात बंद असलेला, एकदाही न वापरलेला. अप्पांच्या माऊसमध्ये मागावरच्या सुताचे तंतू जाऊन बसायचे. दर शनिवारी विरेश गोळी काढून आतले रूळ नखानं खरवडायचा. घाई केली की अप्पा हसून "तडी, तडी" म्हणायचे. तडी म्हणजे थांब जरा.

आठव्या दिवशी महेश्वरी दुपारी दोनला येणार होती. त्या दिवशी मागांना सुट्टी होती. गल्लीत एरवी दिवसभर खडखडाट असतो, तो थांबला की माणसाला आपला श्वासही मोठा वाटतो. विरेशनं डिझाईन उघडलं. मोरपंखी जमिनीवर डाळिंबाची फुलं, आणि एकेक चौकोन हातानं भरलेला. फक्त उजव्या कोपऱ्यात, अगदी खाली, एक चौकोन मोकळा होता.

तो मोकळा का, हे विरेशला माहीत होतं. ज्याची चादर, त्यानंच शेवटचा चौकोन भरायचा, हा अप्पांचा नेम. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, त्याला खुर्चीत बसवून तेवढा एक चौकोन भरायला लावायचे. पण विरेशला वाटलं, पोर यायच्या आत मागासाठीची नक्कल काढून ठेवावी. आणि अपुऱ्या डिझाईनची नक्कल तो प्रोग्राम काढून देईना. एका चौकोनानं काय होतंय, म्हणत त्यानं तो भरला.

तो लगेच पुसला गेला.

मग शेजारचा पुसला गेला. मग त्याच्या शेजारचा... विरेशनं माऊसवरचा हात उचलला, तरी पडद्यावरचा बाण सरकतच होता. एक ओळ उसवायची, टोकाला जरा थांबायचं, पुढची धरायची. चष्मा पुसायला अप्पा असेच थांबायचे. दुकानात विभूतीचा आणि मागाच्या तेलाचा वास आला. विरेशनं माऊसची वायर उपटली. बाण थांबला नाही. मशीन बंद करावं, तर जुनी डिस्क परत उठेल याचा भरवसा काय? डाळिंबाची फुलं एकेक करून जात होती.

महेश्वरी आत आली तेव्हा अर्धी चादर राहिली होती.

"बस," विरेश कसाबसा म्हणाला. "हात ठेव माऊसवर... तुझा चौकोन मी भरला गं. चुकलं माझं..."

ती खुर्चीत बसली. हात ठेवला. बाण सरकत होता तसा तिचा हातही सरकायला लागला.

"अप्पा," ती हळूच म्हणाली, "मी आलेय. आता तरी बोला की..."

बाण थांबला. मग उलटा फिरला. एकेक ओळ, एकेक फूल परत येत गेलं, थेट त्या कोपऱ्यापर्यंत, आणि मोकळ्या चौकोनापाशी बाण वाट बघत राहिला. महेश्वरीनं बटण दाबलं. चौकोन भरला. वायर परत लावायचं दोघांनाही सुचलं नव्हतं.

"रागावले नव्हते," ती म्हणाली, आणि बारा वर्षांचं रडून घेतलं. विरेशनं नक्कल काढून दिली. जाताना ती त्याच्या पाया पडली.

नंतर त्यानं सवयीनं माऊसची गोळी काढली. रुळांवर मोरपंखी सुताचे तंतू गच्च बसले होते. त्यानं ते खरवडले, मशीनच्या सगळ्या वायरी सोडवल्या आणि ते माळ्यावर ठेवून दिलं. मेल्यावरही मागं राहिलेल्या माणसाला हात लावू नये, असं त्याला वाटलं.

पुढच्या शनिवारी मात्र राहवेना. तो माळ्यावर चढला आणि माऊस उलटा करून गोळी काढली. तंतू होते. ओले, ताजे, आणि या वेळी कफनासारखे पांढरे.

ही चादर कुणाची, ते मशीन चालू केलं असतं तर कळलं असतं. विरेशनं गोळी पुसून परत बसवली आणि खाली उतरला.