उलट्या वाऱ्याचा थर

वाळूला काय कळतं, असं कोणीही म्हणेल. योगिनी मात्र वाळूवरच पीएचडी करत होती. सकाळी उस्मानपुऱ्यातून स्कूटी काढायची, खुलताबादच्या अलीकडच्या गवताळ माळावर यायचं आणि फार पूर्वी नदीतून उडून साचलेल्या वाळूच्या टेकाडात खड्डा घ्यायचा. थर ज्या बाजूला उतरतो, त्या बाजूला वारा गेलेला. इतकं सोपं. वरचे थर पूर्वेला उतरत होते, म्हणजे वारा पश्चिमेचा, आजच्यासारखाच. कमरेइतक्या खोलीवरचा एक थर मात्र उलटा, पश्चिमेला उतरत होता. त्याचं वय प्रयोगशाळेत मोजून घ्यायला योगिनीनं काळ्या कापडाखाली त्यात लोखंडी नळी ठोकली आणि नळीची तोंडं बंद केली. ऊन लागलं की वाळूचं वय पुसलं जातं.

खणायला कारभारी होता, मेंढपाळ. त्याची बायको वच्छलाबाई पलीकडं मेंढरं चारत होती.

दुपारी पश्चिमेकडून धुळीचं वादळ उठलं. दोघं खड्ड्यात दबकून बसले. अर्ध्या तासानं वर येतात तर काय, माळ मोकळा! ना मेंढरू, ना वच्छलाबाई. मोबाइल लागेना.

"मेंढरं वाऱ्याला पाठ देऊन चालतेत," कारभारी म्हणाला. "उगवतीलाच गेली आसतील. तिकडं खदान हाय मॅडम. उघडी."

खड्ड्यात राहिलेली काठी घ्यायला तो उतरला, अन् तिथंच थबकला. भिंतीचा पापुद्रा सुटून पडला होता. उघड्या पडलेल्या उलट्या थरावर मेंढरांचे खूर उमटलेले होते. मध्ये एक अनवाणी पाऊल. सहा बोटांचं.

"ही वच्छला."

"काहीतरीच काय मामा! हा थर हजारो वर्षं बंद होता."

"बायकूचं पाऊल वळखू येत नाय व्हय मला?"

ठसे मावळतीला चालले होते. योगिनीनं सवयीनं फोटो काढला. कारभारीनं एकदा खदानीकडं पाहिलं आणि मावळतीला पळत सुटला. ती मागोमाग.

कोसभरावर, ओढ्याच्या कपारीत, वच्छलाबाई मेंढरांना कवटाळून बसली होती. एकही दगावलं नव्हतं. कारभारी मटकन खाली बसला आणि हमसून हमसून रडला. योगिनीच्याही जिवात जीव आला. घाईनं दगडांवरून उतरताना तिचा बूट कपारीत अडकला, बुटाची टाच तिरपी चिरली. त्याचंही तिला हसूच आलं.

"वारं एकदम फिरलं ताई," वच्छलाबाई म्हणाली. "उगवतीकडून आलं. लई थंड. डोळं उघडंना. तुम्ही म्होरं नसत्या तर मी मेलेच असते."

"मी कुठं मावशी? मी तर खड्ड्यात होते."

"असं कसं? हाका मारू मारू तुम्हीच आणलं की इथं!"

भेदरलेल्या माणसाला काय काय भास होतात. योगिनीनं तिला पाणी दिलं. तिघांनी माळावरच चूल मांडून गूळ घातलेला चहा प्यायला. इतका गोड चहा तिनं कधी प्यायला नव्हता.

चार महिन्यांनी प्रयोगशाळेचा अहवाल आला. नळीतल्या वाळूला शेवटचं ऊन लागलं होतं नऊ हजार वर्षांपूर्वी.

योगिनीनं तो फोटो पहिल्यांदाच मोठा करून पाहिला.

सहा बोटांच्या पावलापुढं आणखी एक ठसा होता.

बुटाचा.

टाचेवर तिरपी चीर होती.