अर्थ कुणी काढला?

कचेरीच्या फाटकातून गाडी जेमतेम आत शिरली आणि एकाएकी गपगार झाली. ना आचका, ना धूर! दिवे, हॉर्न, काच वर-खाली करायचं बटण... सगळ्यांनीच मौन धरलं. तिनं दहा वेळा किल्ली फिरवली, पण गाडी ढिम्म.

समोरच्या गॅरेजातला वायरिंगवाला हात पुसत रस्ता ओलांडून आला. उंच, सावळा, कानामागे पेन्सिल खोचलेली.

"दिवे लागतात?" त्यानं विचारलं.

"नाही."

"हॉर्न?"

"नाही हो, काहीच नाही. बॅटरीच गेली असणार."

"बॅटरीवर एवढा राग का?" म्हणत त्यानं बॉनेट उघडलं आणि मीटरच्या तारा टेकवल्या. "साडेबारा व्होल्ट. ठणठणीत आहे बिचारी!" मग एक जाड वायर बॅटरीच्या मायनसपासून थेट इंजिनाला लावली, तसा समोरचा डॅशबोर्ड लख्ख उजळला. तो स्वतःशीच हसला. "तरीच! अर्थ लागत नाहीये."

तिला हसू आवरेना.

"हसण्यासारखं काय झालं?"

"अहो, मी शब्दकोशाच्या कचेरीत आहे... ही काय, मागचीच इमारत. दिवसभर आम्ही तेच करतो. अर्थ लावतो."

"मग लावा की!" त्यानं पाना तिच्यापुढे धरला. "मी वायर धरतो."

तिनं खरंच नट आवळला. त्याचा हात तिच्या हाताला जरासा लागला — जरासाच — आणि दोघंही उगाच इंजिनाकडे बघत राहिले.

कोशात तेव्हा 'अ' चालू होता. 'अर्थ'च्या कार्डावर तिनं सात अर्थ लिहिले होते, पण हा अर्थिंगवाला त्यात नव्हताच. मग काय, जेवणाच्या सुट्टीत स्वारी गॅरेजात हजर!

"व्याख्या सांगा."

"व्याख्या-बिख्या नाही येत मला. हे बघा... करंट बॅटरीतून निघतो, दिव्याकडे जातो, हॉर्नकडे जातो. पण त्याला परत घरी यायला नको का? ती परतीची वाट म्हणजे अर्थ. ती तुटली की बॅटरी भरलेली असून उपयोग शून्य."

लिहिता लिहिता तिची पेन्सिल थांबली. इतकी सोपी व्याख्या कोशात कुणी केली नव्हती.

एका शब्दासाठी माणूस किती वेळा जाईल? ती अकरा वेळा गेली. फ्यूज झाला, रिले झाला, डायनॅमो झाला. "बाई, 'फ'पर्यंत पोचायला आपल्याला अजून चार वर्षं आहेत," म्हातारे संपादक चष्म्यावरून बघत म्हणायचे. ती लाल व्हायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायची.

मग एका गुरुवारी तो वायर सोलत म्हणाला, "रविवारी निघतोय. दुसऱ्या शहरात, बसच्या डेपोत नोकरी लागलीय. इथं काय... थांबण्यासारखं कुणी नाही."

आणि तो तिच्याकडे बघत राहिला.

"बरं झालं," ती म्हणाली.

बरं झालं! साठ हजार शब्दांच्या कोशात काम करणाऱ्या बाईला ऐनवेळी सुचले ते हेच दोन! घरी आल्यावर ताटातला भात तिनं नुसता चिवडला. आईनं दोन दिवस बघितलं आणि म्हणाली, "मनातलं बोलून टाक गं. ठेवून काय त्याचं लोणचं घालणार आहेस?"

शनिवारी दुपारी गॅरेजात निरोप गेला. गाडी पुन्हा बंद.

त्यानं बॉनेट उघडलं आणि आत वाकून नट चाचपला.

"हा अर्थ आपोआप सुटलेला नाही. कुणीतरी काढलाय. तेही पान्यानं नाही, पकडीनं. नट पार कुरतडलाय." त्याची नजर तिच्या बोटावरच्या पट्टीवर गेली. "कुणी काढला?"

"मी."

"मग यातून... मी काय अर्थ काढायचा?"

"तुम्हीच म्हणाला होता ना, सगळं असून उपयोग नसतो... परतीची वाट लागते."

"वाट लागते?" त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं.

"म्हणजे वाट हवी असते हो! नीट ऐका ना!" तिचे डोळे भरून आले. "नोकरी चांगली आहे, खुशाल जा. पण परत येण्यासारखं कुणी नाही, असं म्हणू नका. मी आहे. मला तुम्ही आवडता... खूप."

तो खाली वाकला, वायर जागेवर बसवली आणि सावकाश नट आवळला.

"शनिवार-रविवार मला डेपोतून सुट्टी असेल," तो म्हणाला.

"चार तासांचा रस्ता आहे."

"असू दे. येईन. पण एक अट — हे अहो-जाहो बंद."

ती डोळे पुसत हसली. जीभ जरा अडखळली. "मग... अर्थ लागला का रे?"

"घट्ट लागला. फिरव किल्ली."

गाडी पहिल्याच झटक्याला सुरू झाली. जायचं मात्र दोघांनाही कुठेच नव्हतं.