खळ न लावलेली घोंगडी

यंत्रमानव कोठीत शिरला आणि त्याला वाटलं, आपला आवाज बिघडला.

"एक, दोन, तीन," तो म्हणाला. मग ओसरीत येऊन पुन्हा म्हणाला, "एक, दोन, तीन." मग परत आत गेला. असं त्याने बराच वेळ चालवलं.

गिरिजा उंबऱ्यावर पेरू खात बसली होती. "काय झालं रे, टिपणीस?"

"कोठीत माझा आवाज लहान होतो, ओसरीत पुन्हा मोठा होतो. माझ्या ध्वनिक्षेपकात (आवाज बाहेर टाकणाऱ्या भागात) दोष असता, तर तो दोन्हीकडे दिसला असता. हे कोडं मला सुटत नाही."

"दोष तुझा नाही, कोठीचाच आहे. आत सगळ्यांचाच आवाज असा होतो. लहानपणी मी रुसून तिथे रडायला जायचे. कुणाला ऐकूच जायचं नाही. मग मला बाहेर येऊन पुन्हा रडावं लागायचं."

टिपणीस हे नाव त्याला तात्यांनी, म्हणजे गिरिजाच्या आजोबा शिदाप्पांनी दिलं होतं, कारण तो दिसेल ती गोष्ट टिपून ठेवायचा. शहरातल्या एका संग्रहालयाने त्याला माणदेशातल्या या सनगरवस्तीत पाठवलं होतं. वस्तीतले सनगर पिढ्यान्‌पिढ्या मेंढीच्या लोकरीच्या घोंगड्या विणत आले होते. पण आता स्वस्त, हलकी, विजेवर गरम होणारी पांघरुणं घरोघरी आली होती. घोंगडी कुणी मागत नव्हतं. मेंढपाळ कातरलेली लोकर ओढ्याकाठी टाकून देत होते. वस्तीतला एकच माग चालू होता, तात्यांचा. तात्या सवयीने विणत आणि विणलेलं कोठीत रचून ठेवत. गिऱ्हाईक आलं की शेवटचा हात फिरवायचा, असं ते म्हणत. कोठी छपरापर्यंत भरली, पण गिऱ्हाईक आलं नाही.

शेवटी तात्यांनी संग्रहालयाला होकार दिला. शनिवारी गाडी येणार होती. माग सुटा करून शहरात न्यायचा, काचेमागे पुन्हा उभा करायचा आणि तात्यांनी तिथेच राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना विणून दाखवायचं, असं ठरलं होतं.

गिरिजाने एकदाच विचारलं होतं, "तात्या, तुम्ही सुट्टीत तरी घरी याल ना?" तात्या तुटलेला धागा शोधत राहिले होते, आणि धागा तुटलेला नव्हता.

संध्याकाळी गिरिजाची आई कामावरून आली. ती माळावरच्या ड्रोनतळावर काम करायची. तिथे माल वाहणारे ड्रोन उतरत आणि पत्र्याच्या मोठ्या दालनात माल निवडून पुढच्या गावांना पाठवला जाई.

"गिरे! दूध तापवलंस का?" आईने विचारलं. गिरिजा तिच्या शेजारीच उभी होती.

"आई, किती ओरडतेस!"

"ओरडत नाही, बोलतेय!" आई आणखी मोठ्याने म्हणाली. मग कपाळाला हात लावून हसली. "काय करू गं? दिवसभर त्या पत्र्यात नुसता घोंघाट. घरी आलं तरी कान घूंऽऽ करतात. मॅडमनी स्पंजाच्या गाद्या लावून पाहिल्या. दोन उन्हाळ्यांत त्यांचा भुगा झाला."

गिरिजा एकदम थांबली. तिने कोठीच्या दाराकडे पाहिलं. मग टिपणीसकडे.

"टिपणीस, कोठीत आवाज कुठे जातो?"

"तोच विचार मी दुपारपासून करतो आहे. आता उत्तर सापडलं, असं वाटतं." टिपणीस ओसरीत खाली बसला. समजावून सांगायचं असलं की तो बसायचा. "आवाज म्हणजे हवेचं थरथरणं. ही थरथर लाटेसारखी पुढे सरकते, म्हणून तिला ध्वनिलहर म्हणतात. पत्र्यावर आदळली की ती चेंडूसारखी उलट फिरते. याला परावर्तन म्हणतात. दालनात ड्रोनच्या एका पात्याचा आवाज या भिंतीवरून त्या भिंतीवर उड्या मारत राहतो. तो विरायच्या आत दुसऱ्या पात्याचा येतो, मग तिसऱ्याचा. असा आवाज साचत जातो."

"आणि कोठीत?"

"कोठीत चारी बाजूंनी लोकर आहे. लोकरीच्या तंतूंमध्ये बारीक बारीक वाटा असतात. थरथरणारी हवा त्या वाटांत शिरते आणि तंतूंना घासत घासत थकून जाते. तिच्या हालचालीची उष्णता होते. परत फिरायला काही उरतच नाही. याला ध्वनिशोषण (आवाज शोषून घेणं) म्हणतात."

"म्हणजे मी कोठीत ओरडले, तर लोकर गरम होते?"

"होते. पण तू वर्षभर ओरडलीस, तरी त्यावर कपभर चहा व्हायचा नाही."

मागावर बसलेले तात्या हसले. गिरिजा त्यांच्याकडे धावली. "तात्या, ड्रोनतळाच्या भिंतींना घोंगड्या लावल्या तर?"

"खुळी का काय!" तात्या म्हणाले. "घोंगडं म्हंजे मेंढक्याचं घर. थंडीत पांघरायचं, पावसात डोक्यावर घ्यायचं. भिंतीला कसली थंडी वाजती?"

टिपणीसने विचारलं, "तात्या, पिसं कशासाठी असतात?"

"उडायला. हे काय विचारनं झालं?"

"पण जमिनीत अशा प्राण्यांचे जीवाश्म (फार जुन्या जिवांचे दगडात उमटलेले अवशेष) सापडले आहेत, ज्यांना पिसं होती आणि उडता मात्र येत नव्हतं. पंखच नव्हते त्यांना. मग पिसं कशाला? शास्त्रज्ञांना वाटतं, बहुधा उबेसाठी. कदाचित एकमेकांना रंग दाखवण्यासाठीही. उडणं फार नंतर आलं. ऊब धरायला घडलेली गोष्ट हवा कापायच्या कामी आली. मी याला उपयोगांतर म्हणतो (एका कामासाठी घडलेली गोष्ट वेगळ्याच कामाला लागणं)."

तात्यांनी आडवा धागा नेणारा धोटा हातातच धरून ठेवला. "म्हंजे माझं घोंगडं उडनार म्हन की!"

"उडणार नाही. पण त्याचं काम संपलं, असं मी लिहिलं होतं. ते कदाचित चुकलं."

दुसऱ्या दिवशी आईने ड्रोनतळाच्या मुजावर मॅडमना विचारलं. मॅडम म्हणाल्या, बॅटऱ्या तपासायच्या लहान खोलीत लावून पाहू. फरक पडला, तर पुढचं बोलू. शिवाय लोकर सहज पेट घेत नाही, हे त्यांना आवडलं.

मग घरात धांदल उडाली. दोन घोंगड्यांच्या मध्ये मोकळी लोकर भरायची आणि कडा शिवायच्या, असं टिपणीसने सुचवलं. शेजारच्या रत्नाकाकू दाभण घेऊन आल्या. एके काळी वस्तीत सगळ्यांत बारीक सूत त्यांचं असायचं. "भिंतीला दुलई शिवते बया मी," असं म्हणत त्या दिवसभर हसत होत्या. तात्या मात्र हसत नव्हते. फार दिवसांनी त्यांच्याकडे कुणी काही मागितलं होतं. त्यांनी एकेक जोड पारखून घेतला, झटकला, ताणला आणि अगदी मन लावून तयार केला.

शुक्रवारी त्या जाड गाद्या खोलीच्या चारी भिंतींवर टांगल्या. मॅडमनी एक ड्रोन चालू केला. टिपणीसने टाळी वाजवून निनाद (मूळ आवाज थांबल्यावरही खोलीत रेंगाळणारा आवाज) मोजला.

"फरक आहे," तो म्हणाला. "पण फार थोडा."

मोजायची गरजही नव्हती. सगळ्यांचे हात कानांवर होते.

मॅडमनी एका गादीवरून हात फिरवला. "तात्या, काम देखणं आहे हो!" त्या ओरडून म्हणाल्या. "पण मला देखणं नको, शांत हवं!"

गाद्या परत घरी आल्या. ओसरीत आल्यावर तात्या टिपणीसला म्हणाले, "उद्याची गाडी यीऊ दे."

गिरिजा कोठीत जाऊन बसली. रडली, पण रडताना तिचं लक्ष आपल्याच आवाजाकडे गेलं. इथे तो अजूनही नाहीसा होत होता! मेंढ्या त्याच. माग तोच. विणणारे हात तेच. मग इथे जे होतं ते तिथे का झालं नाही?

ती ओसरीत आली आणि तिने गादीला हात लावला. वरचं कापड कडक, गुळगुळीत होतं. तिने परत आत जाऊन कोठीतल्या घोंगडीला हात लावला. ती भुसभुशीत लागली. गिरिजाने त्या घोंगडीचा पदर तोंडासमोर धरला, मागे तळहात ठेवला आणि फुंकर मारली. तळहाताला वारा लागला. मग गादीची एक कड उसवून तिच्या वरच्या घोंगडीवर तशीच फुंकर मारली. तळहाताला काहीच लागलं नाही. फुंकर तिच्याच नाकावर परत आली.

"तात्या! तुम्ही यांना काय लावलं?"

"काय लावलं म्हंजे? खळ लावली," तात्या म्हणाले. "चांगली दोनदा लावली."

खळ म्हणजे चिंचोक्यांची पेज. चिंचोके भाजून, भिजवून, वाटून शिजवायचे आणि ती चिकट पेज कुंच्याने घोंगडीवर चढवायची. वाळली की घोंगडी ताठ होते आणि पाऊस लवकर आत शिरत नाही. तोच तात्यांचा शेवटचा हात. कोठीतल्या घोंगड्यांना तो अजून लागायचा होता.

"वाटा बुजल्या," टिपणीस सावकाश म्हणाला. "खळीने तंतूंमधल्या वाटा बुजवल्या. पाणी आत जाऊ नये म्हणून लावलेली खळ हवेलाही आत जाऊ देत नाही. आवाज दारावरूनच परत गेला. मी लोकरीचं सगळं टिपलं. खळीचं विचारलंच नाही. पिसांची गोष्टही मी अर्धीच सांगितली. उडण्याच्या कामाला लागताना पिसं होती तशी राहिली नाहीत. ती लांब झाली, ताठ झाली. काम बदललं की थोडं आपणही बदलावं लागतं."

"मग खळ काढू या!" गिरिजा म्हणाली.

तात्यांचा चेहरा बदलला. "खळ न लावता या घरातनं घोंगडं बाहेर गेलं न्हाई कधी. माझ्या बापाच्या येळेपासनं न्हाई. अर्धवट माल बघून लोक म्हनतील, शिदाप्पाचं हात थकलं."

रत्नाकाकूंनी गिरिजाला गप्प राहायची खूण केली. पण गिरिजाला राहवलं नाही.

"तात्या, खळ पावसासाठी ना? मग त्या खोलीत पाऊस कुठे पडतो?"

तात्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग आपल्या हातांकडे. त्यांच्या मनात काय चाललं होतं, ते नेमकं सांगणं कठीण आहे. जे काम आपण आयुष्यभर नीट केलं, तेच आता करायचं नाही, हे पचवायला वेळ लागतो.

मग ते उठले. "चूल पेटवा. भिंतीच्या मापाचं जोड ह्येच हायत, ह्येच धुवायचं. गार पान्यानं खळ जायची न्हाई."

गाद्या उसवल्या गेल्या. तात्यांनी स्वतःच्या हाताने एकेक घोंगडी गरम पाण्यात चुबकून चुबकून धुतली. कुणाला हात लावू दिला नाही. सकाळच्या वाऱ्याला घोंगड्या वाळल्या. रत्नाकाकूंनी त्या पुन्हा शिवायला घेतल्या, तोवर संग्रहालयाची गाडी दारात येऊन उभी राहिली.

"आता गं?" गिरिजाने रत्नाकाकूंना विचारलं.

टिपणीसने गाडीचं मागचं दार उघडलं. "माग अजून भरलेला नाही, म्हणजे गाडीत जागा आहे," तो म्हणाला. "शिवून झाल्या की गाद्या ठेवा."

अशा रीतीने माग न्यायला आलेली गाडी गाद्या घेऊन माळावर गेली. आई तिथे कामावर होतीच. गाद्या टांगल्या. मॅडमनी ड्रोन चालू केला. पाती फिरू लागली. त्यांचा आवाज होता, पण तो एकटाच होता. भिंतींकडून कुणी त्याला साथ देत नव्हतं. टिपणीसने टाळी वाजवली. टाळी वाजली आणि संपली.

"वा! जमलं की हो तात्या!" मुजावर मॅडम ओरडल्या आणि सगळे दचकले. मॅडमनी तोंडावर हात ठेवला. "मी नेहमी एवढी ओरडते का?"

"रोजच, मॅडम," आई हळूच म्हणाली.

मॅडम हसल्या. आधी दालनाची एक भिंत करू, असं त्या म्हणाल्या. दमट हवेत लोकर कशी टिकते, तिला कसर लागते का, ते पाहायला हवं. ते जमलं, तर पूर्ण दालन, आणि मग असे तळ ठिकठिकाणी आहेतच. "पण एका मागावर हे होईल का?"

"एका मागाचं कामच न्हाई हे," तात्या म्हणाले. "वस्तीचं हाय."

घरी परतल्यावर टिपणीस मागाशेजारी उभा राहिला. "संग्रहालय फक्त काम संपलेल्या वस्तू घेतं. याला नवं काम मिळालं आहे. तसं मी कळवलं. गाडी रिकामी परत जाईल. पण मला इथे आणखी काही दिवस राहायची परवानगी मिळाली आहे. मी खळीचं सगळं टिपून घेणार आहे. यापुढे ती कमी लागेल, म्हणून आताच लिहून ठेवायला हवी."

तात्यांनी त्याच्या धातूच्या खांद्यावर हात ठेवला.

पुढच्या आठवड्यात वस्तीत वेगळाच गोंधळ उडाला. घराघरांत मागाचे खड्डे होते. विणणारा त्यात पाय सोडून बसतो. माग मोडल्यावर कुणी त्यांत कांदे भरले होते, कुणी फळ्या टाकून वर कपाट ठेवलं होतं. रत्नाकाकूंच्या खड्ड्यात तर कोंबड्या अंडी घालायच्या. त्या निघायला तयार नव्हत्या.

"जावा की गं बायांनो! किती दिस फुकट ऱ्हाताय?" काकू सूप घेऊन त्यांच्या मागे धावत होत्या. मेंढपाळांना निरोप गेला होता, लोकर टाकू नका म्हणून.

गिरिजा तात्यांच्या मागाशेजारी बसून विचार करत होती.

"तात्या, समजा, पुढे आवाज न करणारे ड्रोन निघाले. मग?"

टिपणीसने मान वर केली.

"मग?" तात्या म्हणाले. "मग पुन्यांदा बघायचं, लोकरीला आनिक काय काय येतं ते. आन् ते मी न्हाई, तू बघायचं." ते मागावरून बाजूला सरकले. "बस हितं. खाली पायानं दाबायच्या पावड्या हायत, त्यांस्नी पाय पोचत्यात का बघ."

गिरिजा खड्ड्यात पाय सोडून बसली. तिने बोटं ताणली. पावड्या थोड्या खालीच राहिल्या.

तात्यांनी अंगणातून दोन विटा आणल्या आणि तिच्या पायांखाली सरकवायला ते खड्ड्यात वाकले.