विचारायचं कोणी

खांब हलला तेव्हा नॉ लासेला आधी वाटलं, भूकंप झाला.

ती विणायला बसली होती. मागाचा एक पट्टा तिच्या कमरेभोवती, दुसरं टोक समोरच्या बांबूला, आणि मधे निळ्या-लाल सुतांचा ताणा. विणणाऱ्या बायकांच्या संस्थेची पडवी आणि बांबू वाटणाऱ्या संस्थेचं आवार यांच्यात कुंपण नव्हतंच. बाहेर बारीक पाऊस भुरभुरत होता. बांबू एकदम वर उचलला गेला, पट्टा कमरेत रुतला, आणि लासे चटईसकट पुढे सरकली.

"अरे थांब… थांब, थांब."

बांबू खांद्यावर घेतलेला मुलगा थांबला. त्याने उजवीकडे पाहिलं, मग डावीकडे.

"इकडे. मागे. तुझ्या बांबूला बांधलेली आहे मी."

तो वळला. त्याबरोबर बांबूही वळला, आणि लासे आणखी वीतभर फरफटली. त्याच्या टोपीवरून पाणी ठिबकत होतं. काय करावं ते न सुचून तो खांद्यावर बांबू घेऊन तसाच उभा राहिला.

"हा बांबू एका म्हातारीच्या घराला द्यायचाय," तो शेवटी म्हणाला.

"मग मलाही देऊन टाक तिला. ताणा सोडवायला अर्धा दिवस जातो."

त्याने जरा विचार केल्यासारखं केलं. "तिला चालेल का कुणास ठाऊक… तिने बांबू मागितलाय, नात नाही."

लासेला हसायचं नव्हतं. ती हसली.

त्याने बांबू हळूच पूर्वीच्या जागी टेकवला आणि कोणी हलवू नये म्हणून स्वतःच त्यावर बसला. हातभर कापड होईपर्यंत बसला. त्याचं नाव सॉ लेरवा. उत्तरेच्या डोंगरातल्या कारेन जमातीच्या गावचा, सरहद्दीच्या नदीच्या अलीकडचा, म्हणून त्याच्या खिशात थाई ओळखपत्र होतं आणि छावणीच्या नाक्यावरून तो हवा तेव्हा येत-जात असे. लासेच्या घरचे नदीपलीकडचे, पार खाली सपाटीवरचे, भातशेतीच्या मुलखातले. ती कडेवर असताना आई तिला घेऊन इथे, निर्वासितांच्या छावणीत आली, ती इथेच राहिली. भाषा दोघांची एकच, पण तो प्रत्येक वाक्याच्या शेवटी सूर असा वर नेई, की साधं बोलणंही प्रश्नासारखं वाटे.

"तुझ्या गावात सगळे असंच गातात?" तिने एकदा विचारलं.

"आणि तुझ्याकडे सगळे असंच भांडतात?"

पावसाळाभर असं चाललं. छपराची पानं वाटून झाली की लेरवा पडवीच्या कडेला येऊन बसायचा. सुताची गुंडी धरायला मागायचा आणि हमखास गुंता करायचा. गुंता सोडवताना दोघांची बोटं… म्हणजे, सूत बारीक असतं, बोटं लागायचीच. तो बोट मागे घ्यायचा नाही. तीही नाही. धोटा मात्र भलत्याच सुतांतून जायचा, आणि रात्री आई कापड दिव्याशी धरून म्हणायची, "ही नक्षी कुठली शिकलीस?"

आईला सगळं ठाऊक होतं. अख्ख्या छावणीलाच ठाऊक होतं.

"काही बोलला का तो?" आई विचारायची.

"बोलतो की. दिवसभर बोलतो."

"मी कशाबद्दल विचारतेय ते कळतंय तुला."

कळत होतं. तेच तर कळत नव्हतं. इतकं बोलणारा मुलगा नेमकं तेवढंच का बोलत नाही? सपाटीवरच्या रीतीप्रमाणे मुलाने मन सांगायचं, मग त्याची माणसं विचारायला यायची. लासेने वाट पाहिली. वाट पाहण्यात ती कच्ची नव्हती, छावणीत वाढलेलं कोणीच नसतं. पण पावसाळा ओसरला आणि बातमी आली, की बांबू वाटणाऱ्या संस्थेचा दूरदेशीचा पैसा आटला. आवार बंद होणार. कामावरच्या माणसांना शनिवारी ट्रक त्यांच्या त्यांच्या गावी सोडणार.

लेरवाचं गाव दीड दिवस लांब. लासेला नाक्याबाहेर जायलासुद्धा परवानगी लागायची. एकदा गेला की गेला.

आता तरी बोलेल, असं तिला वाटलं. तर तो भलतंच विचारू लागला.

"तुझी आई… काही म्हणाली का?"

"कशाबद्दल?"

"नाही, सहजच. तब्येत बरी आहे ना? चालता-बिलता येतं ना?"

"चालता येतं म्हणजे? टेकडीवरून पाणी आणते ती."

"मग झालं," तो म्हणाला, आणि त्याचं तोंड उलट आणखीच उतरलं.

दुसऱ्या दिवसापासून तिला दिसू लागलं ते त्याहून चमत्कारिक. संध्याकाळ झाली की लेरवा आवारातली आपली बसायची बांबूची माचोळी झाडून काढायचा. नवी चटई अंथरायचा. केटलीत पाणी तापवायचा, कप पुसून ओळीने मांडायचा, धुतलेला सदरा घालायचा आणि रस्त्याकडे डोळे लावून बसायचा. अंधार पडला की सगळं आवरून ठेवायचा. परत दुसऱ्या संध्याकाळी तेच.

"कोण येणार आहे?" लासेने विचारलं. आवाज सहज ठेवायचा तिने फार प्रयत्न केला.

"बघू… आलं तर येईल कोणी."

"मुलगी?"

"मुलगी कशी येईल?" तो खरोखरच गोंधळला. "मुलगी येत नसते. तिची माणसं येतात."

म्हणजे मुलगी होती. तिची माणसंही होती. लासे उठली आणि ताणा तसाच टाकून घरी गेली. पाठीमागून त्याने हाक मारली, "नॉ लासे… मी काय केलं?" हे विचारतानाही सूर गाण्यासारखा वर गेला. त्या सुराचा तिला पहिल्यांदाच राग आला.

घरी आल्यावर ती चुलीपुढे बसली आणि भात करपेपर्यंत बसून राहिली. आईने भात पाहिला, मुलीकडे पाहिलं. पानाचा डबा काखोटीला मारला आणि शेजारच्या थारामूला हाक दिली. थारामू म्हणजे शिकवणारी बाई, विणणाऱ्यांच्या संस्थेतली. सगळ्या जणी तिला याच नावाने हाक मारत, आणि वचकूनही असत.

"कुठे निघालीस?" लासे घाबरली.

"त्याची हजेरी घ्यायला. पावसाळाभर माझ्या पोरीची नक्षी बिघडवलीन, आणि शनिवारी तोंड फिरवून जाणार? जाऊ दे. पण ऐकून जाऊ दे."

लासे मागोमाग धावली खरी, पण आवारात पाऊल टाकायची तिला लाज वाटली. ती बांबूंच्या ढिगाआड उभी राहिली. तिथून सगळं दिसत होतं.

लेरवा धुतलेला सदरा घालून बसला होता. समोरून दोन वडीलधाऱ्या बायका येताना पाहून तो असा उठला की एक कप लवंडला.

आई माचोळीवर जाऊन बसली. थारामू तिच्या शेजारी. आईने सवयीने डबा उघडला, पानाला चुना लावला आणि विडा त्याच्यापुढे सरकवला. भांडायला गेली तरी ती आधी पान पुढे करते, लासेला माहीत होतं.

"हे बघ," आई म्हणाली, "माझ्या मुलीच्या अवतीभवती फिरतोस. सगळी छावणी बघते. आता तुझ्या मनात काय आहे ते आत्ता, माझ्यासमोर सांग."

लेरवाचा चेहरा पांढरा पडला, मग कानापर्यंत लाल झाला. त्याने विडा दोन्ही हातांनी घेतला आणि कपाळाला लावला.

"माझी हरकत नाही," तो म्हणाला.

आई बघतच राहिली. "तुझी… काय नाही?"

"हरकत नाही. मला वाटलं तुम्ही येतच नाही. रोज पाणी तापवत होतो. लासेला मी पसंत नसेन, असंही वाटलं… पण तुम्ही आलात. रीतीप्रमाणे दोघी आलात. आत्ताच गावी फोन करतो. मुलीकडची माणसं विचारायला आली होती, असं वडलांना सांगतो. फार खूश होतील."

"आम्ही? विचारायला?" आईचा आवाज चढला. "अरे, मी तुला शिव्या…"

थारामूने तिच्या मांडीला असा काही चिमटा काढला की पुढचं वाक्य आईच्या घशातच राहिलं. "अगं, त्याने हो म्हटलंय," थारामू हळूच म्हणाली. "आता भांडू नकोस. चहा घे."

आईने चहा घेतला. घरी परतताना मात्र वाटेत भेटेल त्याला ती सांगत होती, "शेवटी बोलला हो पोरगा. मी समोर बसले, तसा आपणहून बोलला." आणि त्याच वेळी आवारात लेरवा एका कानात बोट घालून फोनवर ओरडत होता, "त्या आल्या, आल्या. दोघी. पान घेऊन आल्या."

लासे ढिगाआडून बाहेर आली. त्याने फोन खाली केला.

"तू इथेच होतीस?"

"तू माझ्या माणसांची वाट बघत होतास?" तिने विचारलं. "मुलीकडून विचारतात तुमच्यात?"

"मग कोणी विचारायचं?"

"मुलाने."

"मुलाने?" त्याला ते खरंच पटेना. "आमच्याकडे मुलगा आपण होऊन विचारायला गेला तर लोक म्हणतात, याला कुणी विचारलं नाही वाटतं. आई तोंड लपवून फिरेल."

"आमच्याकडे मुलीची माणसं गेली तर म्हणतात, पोरगी घरात जड झाली."

लवंडलेला कप माचोळीवर अजून तसाच आडवा पडला होता.

"म्हणजे तू पावसाळाभर…" तो म्हणाला.

"आणि तू सुद्धा."

तो हसू लागला. तिला मात्र हसू येईना. एक गाठ सुटली तशी आतली दुसरी दिसू लागली होती. "शनिवारी ट्रक जाणार," ती म्हणाली. "मला तुझ्या गावी येता येत नाही. नाक्याच्या पुढे…"

"आमच्यात मुलगी येतच नाही. मुलगा जातो मुलीच्या घरी राहायला."

"माझ्या घरी?" तिने टेकडीकडे हात केला. एकाला एक चिकटलेली पानांची छपरं, त्यांतून वर येणारा धूर, आणि पलीकडे तारेचं कुंपण. "ह्याला घर म्हणतोस तू? खिशात ओळखपत्र असलेला माणूस इथे येऊन राहील? वेडा आहेस तू. ते राहूही देणार नाहीत तुला."

"आत नाही राहू देणार. नाक्याला लागून गाव आहे, मक्याच्या कापणीला तिथे माणसं हवीच असतात. तिथे झोपेन. दिवसा येईन. नाक्यावरचे ओळखतात मला, बांबूवाला म्हणतात." तो थांबला. "बांबू संपले, हे त्यांना इतक्यात सांगायचं नाही."

"आणि किती वर्षं असं?"

"ते… मला माहीत नाही."

पहिल्यांदाच त्याच्या वाक्याचा शेवट वर गेला नाही. खालीच राहिला. त्याने थाप मारली असती तर ती कदाचित वळून निघाली असती. ती निघाली नाही. तिने लवंडलेला कप उचलला, आपल्या सदऱ्याच्या टोकाला पुसला, ओळीत ठेवला. मग पुन्हा उचलला, कारण हाताला काहीतरी हवं होतं.

"एक सांगू?" ती म्हणाली. "आई म्हणते तू विचारलंस. तू म्हणतोस आईने विचारलं. माझ्या तोंडून कोणी काही ऐकलंच नाही. तुझ्या तोंडूनही मी नाही."

"मग विचार," तो म्हणाला.

"मी का? तू विचार."

"आमच्यात…"

"आमच्यातही…"

तो चटईची काडी कुरतडत राहिला. तिला खूप काही विचारायचं होतं आणि त्यातलं एकही वाक्य जिभेवर येत नव्हतं. छपराछपरांतून भाताचा वास येऊ लागला होता.

"जेवलास?" तिने शेवटी विचारलं.

"नाही."

"भात करपलाय," लासे म्हणाली. "तरी चल घरी."

त्याने केटली उलटी करून ठेवली, चटई गुंडाळून काखेत घेतली, आणि तिच्या मागोमाग टेकडी चढू लागला.